तळाला एक भोक

ठाण्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होते, तिथे बर्फ टिकवणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या बनायच्या. ड्रॉइंग खात्यात मी एकटीच बाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मासळीसाठी खास पेटी काढायचं ठरलं. आमचे साहेब नुकतेच कसल्याशा परिषदेला जाऊन आलेले. म्हणाले, "सगळं ज्ञान आपल्या चार भिंतींत नसतं. बाहेरच्यांना विचारा. वेगवेगळ्या माणसांना आणा."

मला ते मनापासून पटलं. मी तीन माणसं जमवली: इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक, कल्याणच्या बर्फाच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, आणि डोंबिवलीच्या बाजारात मी जिच्याकडून बोंबील घ्यायचे ती कोळीण मावशी. मावशी धंदा बुडवून आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

प्राध्यापक अर्धा तास बोलले. फोरमननी झाकणाच्या जाडीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. मावशींची पाळी आली तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावशींनी नमुन्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि मलाच म्हणाल्या, "बाय, बर्फाचा पानी जानार कुठून? मासा पान्यात बसला का नरम झाला समज. तलाला भोक पायजे. नि आतून उंचवटे, म्हंजे मासा वर राहील."

मी भराभर लिहून घेत होते. साहेब हसले. "चांगली सूचना आहे. पण साचा तयार आहे, पुढच्या आठवड्यात येतोय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "मंग मना बोलवली कनाला?"

तेवढ्यात फोटोग्राफर आला. पेटीला हात लावून मावशींना उभं केलं. कंपनीच्या अंकात तो फोटो छापून आला, मुखपृष्ठावर. मी अंक नेऊन दिला तर त्यांनी तो न उघडता पाटीखाली ठेवला.

पेटी बाजारात आली ती बिनभोकाचीच. लग्नाच्या हॉलवाल्यांनी थंड पेयांसाठी घेतली, कोळणींनी नाही. मावशींनी मात्र एक घेतली, माझ्या शब्दाखातर, आणि तापवलेल्या सळईने स्वतःच भोक पाडलं. महिन्याभरात पाणी तिच्या दुहेरी भिंतीतल्या थर्मोकोलात शिरलं नि पेटीला असा वास सुटला की गिऱ्हाईक नाक धरायचं.

ती पेटी मी रिक्षात घालून कारखान्यात नेली. साहेबांना म्हटलं, "भोकाला आतून नळी बसवली की झालं. उंचवटेही घालू. मी ड्रॉइंग करून आणलंय."

"भोक कंपनीने पाडलंय का?"

"नाही, पण…"

"मग तक्रार आपली नाही. आणि ही पेटी आधी बाहेर ठेवा."

मी ते ड्रॉइंग तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा "नंतर बघू" असा शेरा मारून परत आलं. रागाने घरी जाऊन भांडी आपटायचे. सासूबाई विचारायच्या, "अगं, आज कुणाशी वाजलं?" त्यांना काय सांगणार? एका भोकावरून डोकं फिरलंय म्हणून?

तीन-चार वर्षं गेली. मावशींपुढे एक निळी पेटी दिसली. तळाला नळी, आत उंचवटे. भिवंडीकडच्या कुठल्याशा छोट्या वर्कशॉपची होती. त्यांची दोन माणसं आठवडाभर सकाळी बाजारात येऊन बसली होती म्हणे, कोळणींचा हात कसा चालतो ते बघत. मावशी खुशीत होत्या. माझ्यासाठी वाटा निवडता निवडता म्हणाल्या, "तुमच्या हापिसात मी ह्योच सांगितला होता ना गो?"

"हो मावशी, हेच."

पुढच्याच महिन्यात साहेबांनी तशीच निळी पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मार्केटमध्ये ही फार चाललीये. माप घ्या. आपल्याला अशीच हवी, लवकर."

मी काहीतरी बोलणार होते. तोवर ते केबिनकडे वळलेही होते. मी मोजपट्टी घेतली आणि पेटी उलटी करून मापं लिहायला लागले. पहिलं माप घेतलं ते तळाच्या भोकाचं.