आपांचा बिनपंख्याचा डबा

आपा माणसांआधी यंत्रांची विचारपूस करायच्या. सकाळी आल्या की टेबलावरच्या डब्याला म्हणायच्या, "का बाबा, झोपलास का नीट?" मला काही विचारायच्या नाहीत. मी अबोल आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि ते त्यांना चालत होतं.

नांदेडच्या आमच्या छोट्या कंपनीत त्या हार्डवेअरच्या प्रमुख होत्या. आम्ही मोबाइल टॉवरखाली ठेवायचा संगणक बनवत होतो; त्यालाच आम्ही डबा म्हणायचो. पूर्वी टॉवरचं सगळं यंत्र एकाच कंपनीचं, बंद पेटीतलं असायचं. आता रेडिओ एकाचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आणि सगळी आकडेमोड करणारा संगणक तिसऱ्याचा. तो तिसरा म्हणजे आम्ही. त्या आकडेमोडीला जरा उशीर झाला की लोकांचं बोलणं तुटतं. आणि संगणक तापला की स्वतःला वाचवायला हळू चालतो.

पहिला डबा लातूरला, डाळमिलशेजारच्या टॉवरखाली लागणार होता. आपांचे वडील त्याच मिलमध्ये फिटर होते. "पंखा लावशील तर भुसा खाऊन बसंल," त्या म्हणायच्या. म्हणून त्यांनी पंखाच नसलेला, चहूबाजूंनी उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचा डबा आखला. निवृत्त होण्याआधी तो चालू झालेला त्यांना पाहायचा होता.

प्रयोगशाळेत तो छान चालला. तिथे एसी होता. मी तो गच्चीवर, मेच्या उन्हात ठेवून पाहिला, तर दुपारी चाचणीचे कॉल तुटायला लागले. ते आकडे दाखवायचं धाडस मला होईना. शेवटी आपांनीच माझ्याशेजारी खुर्ची ओढली.

"बोल की पोरी. डबा काय माझा जावई हाय, त्याची खोड झाकायला?"

मी आकडे पुढे केले. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले. "एसीत लाडावून ठेवलं मीच त्याला," म्हणाल्या, आणि लातूरचं काम स्वतःच पुढे ढकललं.

मग डब्याचे दोन कप्पे झाले. आतला हवाबंद; पंखा फक्त बाहेरच्या पात्यांवर, काढून झटकता येईल असा. तो तयार होईपर्यंत आपा निवृत्त होऊन उदगीरला गेल्या होत्या.

टॉवर सुरू झाला त्या दुपारी मी मिलच्या आवारातून, त्याच टॉवरवरून, त्यांना फोन लावला. "चालू झाला, आपा." मला एवढंच सांगायचं होतं.

"ऊन हाय का तिथं?"

"कडक आहे."

"मग ठेवू नको फोन. तापू दे त्याला. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी. काय जेवलीस ते सांग."

मी सांगू लागले. भेंडीची भाजी, आईशी झालेलं भांडण, पुण्याहून आलेलं नोकरीचं बोलावणं, जे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडून अधूनमधून नुसतं "हां" येत होतं. उन्हं कलली तरी फोन तुटला नाही.