उंबरा फोडलेली न्हाणी

आमच्या गल्लीतली घरं एका साच्यातली, पण ती दुरुस्त करणारी माणसं एकेक नमुना. गवंडी बोलवायचा म्हणजे आम्हाला कमीपणा वाटतो. आणि एक रीत इथे मुरून गेली आहे: ज्याच्या हातून काम पुरतं बिघडलंय, त्यानंच सल्ला द्यायचा. रंगाचं विचारायला सगळे पोस्टमनकडे जातात, कारण त्याच्या भिंतीचे पोपडे अजून गळतात.

शिंपीमामांना कुणी काही विचारत नसे. सुई-कात्रीपलीकडे त्यांनी हातात काही धरलंच नव्हतं, मग बिघडणार काय?

पण मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर घेऊन घरी यायच्या होत्या आणि न्हाणीच्या दारात वीतभर उंच उंबरा. मामींचा स्वभाव असा, की न्हाणीत जाताना कुणाचा हात धरावा लागला तर त्या आंघोळच सोडतील. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मामांना बजावलं होतं, "न्हाणीत मी एकटी जाणार." मामा तडक उठले. घरी आले, छिन्नी-हातोडा मागून आणला आणि उंबरा फोडला.

उंबरा गेला की पाणी घरात शिरायला मोकळं. ते अडवायचं तर न्हाणीच्या मधोमध असलेल्या जाळीकडे चारही बाजूंनी उतार हवा. उताराचा जाणकार गल्लीत एकच, बसड्रायव्हर. त्यानं मामांना दंडाला धरून आपल्या घरी नेलं आणि न्हाणीत बादली ओतली. पाण्यानं जाळीला वळसा घातला आणि ते थेट स्वयंपाकघरात गेलं.

"बघून घ्या मामा. असं करायचं नाही."

"मग कसं करायचं?"

"ते कळलं असतं तर बायकोचे टोमणे खात बसलो असतो का?"

मामांनी मोठ्या फरश्या आणून मांडल्या. एक टोक दाबलं की दुसरं वर यायचं. पोस्टमन म्हणाला, कडेला सिमेंट जाड घ्या. ड्रायव्हर म्हणाला, मध्ये पातळ घ्या. दोघांचं ऐकलं आणि पाण्याचं छान तळं झालं. दुसऱ्या दिवशी मामी यायच्या होत्या.

मामा कोपऱ्यात बसून राहिले. मग उठले, जुनी चादर न्हाणीत पसरली आणि जाळीवर बोटानं दाबली. चादरीला चारही कोपऱ्यांकडे चुण्या पडल्या.

"अरे, हे तर कोटाच्या खांद्याचं काम," मामा म्हणाले. "सपाट कापड गोलाईवर बसेल कसं? कापड तिरकं मुडपून टक्स घ्यायला लागतात."

सिमेंट ओलं होतं तोवर फरश्या उचलल्या आणि बाहेर तशाच जुळवून मांडल्या. शिवणकामाच्या खडूनं मामांनी त्यांच्यावर कोपऱ्यापासून जाळीच्या जागेपर्यंत तिरक्या रेघा मारल्या. ड्रायव्हरनं त्या रेघांवर कटर चालवला. चार तिकोनी पाकळ्या झाल्या. त्या जाळीकडे झुकवून न्हाणीत पुन्हा बसवल्या, प्रत्येकीला आपापला उतार. सकाळी सिमेंट धरल्यावर मामांनी तांब्याभर पाणी ओतलं. ते कुणी हाक मारावी तसं जाळीकडे निघालं. पोस्टमननं बादली ओतली, ड्रायव्हरनं दोन ओतल्या, मग कुणालाच थांबवेना.

दुपारी मामी आल्या. वॉकर टेकत न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या आणि फरशी निरखून बघितली.

"ही तिरकी शिवण कुणी घातली?"

"मी."

"बरी आलीय," म्हणाल्या आणि आत गेल्या. वॉकर कुठे अडला नाही. आतून कडी लागली.

आम्ही सगळे बाहेर कान देऊन उभे. पाणी पडायला लागलं. बराच वेळ झाला तसे मामा दाराशी घुटमळले.

"बरी आहेस ना गं?"

"दारातून हला आधी. आंघोळ करतेय, परीक्षा नाही देत."

मामा हलले, पण दोनच पावलं. आत मामी गुणगुणायला लागल्या होत्या, आणि दाराबाहेरची जमीन कोरडीठाक होती.