डाव्या बुरुजाचे जाधवकाका

धर्माजी जाधव यांची आणि माझी पहिली ओळख ओरडा खाऊन झाली. कर्जतच्या डोंगरातल्या ज्या गडावर आम्ही काही जण दर रविवारी श्रमदानाला जातो, त्याच्या महादरवाजाचा डावा बुरूज ढासळलेला. मी उत्साहाने एक चिरा उचलला, तोच मागून आवाज आला, "ठेव रं तिथंच! नंबर लिवलास का त्याचा?"

काका भिवपुरीच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. खूण केल्याशिवाय यंत्राचा भाग हलवायचा नाही, ही नोकरीतली सवय त्यांनी गडावर आणली. प्रत्येक चिऱ्यावर गेरूने नंबर, वहीत त्याची जागा, मगच तो रचून ठेवायचा. बुरूज परत उभा करायच्या परवानगीसाठी त्यांनी कचेऱ्यांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की ऐकूनच आम्ही दमायचो.

माझे वडील खोपोलीच्या दवाखान्यात होते तेव्हा काका रोज डबा आणत. डबा उघडायच्या आधी वडिलांना बुरुजाची हकिगत सांगत. वडील वैतागत, पण काका आले नाहीत तर दाराकडे बघत बसत.

आता जे सांगायचं ते सांगतो. दसऱ्याला दरवाजाला तोरण बांधायची आमची रीत. एका वर्षी मी आदल्या दिवशी एकटाच वर गेलो, दरवाजा धुतला आणि त्याच भरात रचलेले चिरेही एकेक उतरवून घासून लख्ख केले. सगळे नंबर गेले! परतीच्या पावसाने धुतले असं सगळे म्हणाले. मी गप्प राहिलो. काकांनी छिन्नीच्या खुणा बघत, एकेक चिरा दुसऱ्याला लावून बघत पुन्हा नंबर घातले. त्यात तीन वर्षं आणि त्यांचे गुडघे गेले.

बुरूज अजून अर्धाच आहे. काका पंचाहत्तर वर्षांचे झाले, आम्हीही थकलो. रविवारी वर चढायला चौघेसुद्धा जमत नाहीत.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. काका खुर्चीतून म्हणाले, "म्हाईत हाय रं. पावसानं धुतलं आसतं तर खालचे चिरे तरी सुटले आसते. तुज्याबिगर येवडं नेटानं कोन घासनार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तू परत आला नसतास. मानसं हायेत किती आपल्याकडं?"

काका, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघ्यांना आराम पडो. बुरूज पुरा झालेला तुम्ही डोळ्यांनी बघा. मी फार दमलोय. रविवारी येतो.