वाक्य जिचं, नाव तिचं

नणंद फोनवर दिग्दर्शकाला सांगत होती, "लेखिका मी. आणि खाली टाका, सहकार्य, आमच्या वैनी." मी समोरच भिजवलेले वाल सोलत बसले होते. बोटांतला वाल सटकन उडाला आणि थेट तिच्या कपाळावर बसला. मुद्दाम मारला नव्हता, पण बसला ते बरं झालं.

सहकार्य म्हणे! मी काय खुर्च्या मांडल्या होत्या? सासू-सुनेची ती छोटी फिल्म आम्ही दोघींनी भिसेगावला, आमच्या याच स्वयंपाकघरात बसून लिहिली. नणंद कशेळ्याहून जीपने यायची. मोबाईल मध्ये ठेवायचा, तिनं सून व्हायचं, मी सासू, आणि यथेच्छ भांडायचं. मग रेकॉर्ड झालेलं ऐकून ती कागदावर उतरवायची.

"मग लिवलं कोणी? मीच ना?" ती म्हणाली.

"आणि बोललं कोण गं? वाक्य जिचं, नाव तिचं! सासूचं एकेक वाक्य माझ्या तोंडून आलंय."

"तुमच्या तोंडाचं काय वैनी, ते चालूच असतंय."

माझं डोकंच फिरलं. माझं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, लग्नाच्या पत्रिकेत, तेही अमक्याची कन्या म्हणून. या वेळी मी सोडणार नव्हते. म्हटलं, लाव ते रेकॉर्डिंग, होऊन जाऊ दे.

माझा आवाज खणखणला. "आमच्या वेळेला भाकरी फुगायची, आता नुसती तोंडं फुगतात!" मी ऐटीत नणंदेकडे बघितलं.

"हे माजं हाय," मागून आवाज आला. दारात सासूबाई उभ्या, हातात तांदूळ पाखडायचं सूप. "भाकरीचं तर तुला आल्या आल्याच बोलले होते. पुढचं लाव गं."

पुढचंही त्यांचंच निघालं. त्याच्या पुढचंही. नणंद पोट धरून हसत होती.

"वाक्य जिचं, नाव तिचं, कोण म्हनलं आता?" सासूबाईंनी विचारलं. मी परत वाल सोलू लागले.

"आणि सुनेची उलट उत्तरं?" नणंदेनं हळूच विचारलं.

"ती हिची. मीच खाल्लीत ती, मला नाय ठाव? तू नुसती आमची मजा बघितलीस. पर लिवलंस ब्येस. टाका तिघींची."

आधी कोणाचं, यावरून आमची परत जुंपणार होती. सासूबाई म्हणाल्या, "वयानं." विषय संपला.

फिल्म आम्ही कशेळ्याला नणंदेच्या टीव्हीवर बघितली. नावं आली तशा सासूबाई ओरडल्या, "थांबव, थांबव!" नणंदेनं बोट ठेवून दाखवलं, लेखन म्हणून सगळ्यात वर त्यांचं नाव होतं.

"माज्या नावाला लागून ह्यांचं नाव नाय?"

"बाबांचं राहिलं वाटतं गं आई. सांगते दिग्दर्शकाला, टाकतील."

सासूबाई उठून टीव्हीजवळ गेल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "नको. ऱ्हाऊ दे एकटीचंच."