दोन नावांमधली फट

दहिसरच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. मुलांची नावं लिहिण्यातच माझी अख्खी नोकरी गेली. आणि एकावन्नाव्या वर्षी, लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, मी पायथन ही संगणकाची भाषा शिकले.

निमित्त झालं दहावीच्या प्रशस्तिपत्रांचं. आमच्या यादीत आधी आडनाव, मग मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, आणि मध्ये स्वल्पविराम. प्रशस्तिपत्रावर मात्र मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव हवं होतं. एकेक नाव हाताने फिरवायचं म्हणजे माझी वाटच लागणार होती.

लेक म्हणाली, "आई, स्प्लिट कर ना! स्वल्पविराम सांग त्याला, बरोब्बर तिथे ओळ तोडेल."

तुटलेले तुकडे मी हव्या त्या क्रमाने मांडले आणि जॉइन वापरून, मध्ये एकेक स्पेस देऊन, पुन्हा जोडले. मग एफ-स्ट्रिंग. प्रशस्तिपत्रावरच्या वाक्याच्या अवतरणचिन्हाआधी नुसता एफ लिहायचा, आणि जिथे नाव यायला हवं तिथे महिरपी कंस. भराभर प्रत्येक मुलाचं वाक्य तयार! मी उठून लेकीला टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी नमुना छापून पाहिला, तर एका मुलीच्या नावात मधेच मोठी फट. तिला आईने एकटीने वाढवलेलं, त्यामुळे वडिलांचा रकाना रिकामा. जॉइनने तो रिकामा तुकडाही इमानदारीत जोडला होता, म्हणून दोन स्पेस.

"अहो बाई, एवढं कोण बघतंय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"ती बघेल ना," मी म्हटलं.

घरी बसून, जोडण्याआधी रिकामे तुकडे वगळणारी एक ओळ लिहिली. तीनदा चुकले, पण लेकीला विचारलं नाही. चौथ्यांदा नाव सलग आलं.

समारंभाला त्या मुलीची आई गोराईहून आली, मासळीची पाटी एक दिवस घरी ठेवून. कागदावर बोट ठेवत तिने वाचलं. लेकीचं नाव, लगेच तिचं स्वतःचं, मग आडनाव. पुन्हा वाचलं.

"ताई, हे कोणी लिवलं? माझं नाव कुठे कोण घालत नाय."

एरवी मी "शाळेने" असं म्हटलं असतं.

"मी," मी म्हणाले.