छातीएवढा कठडा

नव्या इमारतीत पाऊल टाकलं की मिस्त्री आधी वर जायचे. भिंती, दारं, फरशी, कशाकडे बघायचे नाहीत. वरच्या सज्ज्यात जाऊन कठड्याला अंग लावायचे आणि सगळा भार पुढे लोटायचे. कठडा छातीला अडला तर नुसतं "हूं" करायचे. पोटाला अडला तर बांधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. एकदा वर्ध्याला पाहुण्यांच्या लग्नाला गेले आणि लग्नघराच्या मालकाशी कठड्यावरून भांडून न जेवताच परत आले. मजूर त्यांना पाठीमागे 'छाती मिस्त्री' म्हणत. ते त्यांनाही ठाऊक होतं. "म्हनू द्या ना साहेब," ते म्हणाले, "ठेकेदारासारखं 'पोट मिस्त्री' त नाई म्हनत!"

मिस्त्री रोहणा गावचे. मी तेव्हा पंचविशीतला ओव्हरसियर, नागपूरहून शिकून आलेला. कठडा म्हणजे नकाशावरच्या दोन रेघा, एवढंच मला माहीत. त्या दोन रेघांचा अर्थ मला मिस्त्रींनी सांगितला. त्यांचं म्हणणं होतं की ठेंगणा कठडा हा कठडा नसण्यापेक्षा वाईट.

"उघडी कड असली त मानूस भेते. भिंतीले हात लावून चालते. मांडीएवढा कठडा दिसला का त्याच्यावर भरोसा ठेवते, टेकते, वाकते, अन् जाते खाली. त्याले कठडा नाई म्हनत साहेब. फासा म्हनतेत."

दुपारी मजूर बायका अर्धवट स्लॅबच्या कडेला पाय सोडून जेवायला बसत. तिथं वारा लागायचा. मिस्त्री ओरडत बसले नाहीत. त्यांनी सकूबाईचं भाकरीचं गाठोडं उचललं आणि खाली नेऊन ठेवलं.

"सकू, तुही भाकर खाली हाये. पायजे असन त जिन्यानं ये."

"जिन्यानं नाई त काय उडून येऊ, मिस्त्री?"

"तेच त म्हनतो मी. उडता येत असन त बस तिथंच."

बायका हसत हसत खाली आल्या आणि मग रोज खालीच जेवू लागल्या. मिस्त्रींच्या कामावर वरून माणूस पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. असे मिस्त्री तुमच्याही गावात होऊन गेले असतील. त्यांची नावं कोनशिलेवर नसतात.

छप्पन साली मिस्त्री नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर ते कुणाला रामराम करीत नसत. ताठ उभे राहून "जयभीम साहेब" म्हणत. आमच्या मोठ्या साहेबांना ते फार झोंबायचं. ते मान फिरवून माझ्याशी बोलू लागायचे, आणि मीही जणू काही ऐकलंच नाही असा कागद चाळायचो.

पुढच्या वर्षी सरकारी दवाखान्याची दुमजली इमारत पुरी होत आली. गावाचं नाव लिहीत नाही; इमारत उभी आहे आणि तिच्यात अजून आजारी माणसं असतात. वर बायकांचा वॉर्ड, त्याच्यापुढे लांब सज्जा. कठडा मिस्त्रींनी स्वतः चढवला, नकाशाप्रमाणे, छातीएवढा. उद्घाटनाला आठ दिवस असताना मोठे साहेब आले, अंगणात उभे राहिले आणि वर बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाहुणे वरून भाषण करणार. खालून नुसती डोकी दिसतील. फोटोत हारसुद्धा यायचे नाहीत. दवाखाना बांधलाय की तुरुंग? तात्पुरते सहा थर उतरवा. समारंभ झाला की पुन्हा चढवा."

"हो साहेब," मी म्हणालो.

हारांसाठी! झेंडूचे हार दिसावेत म्हणून सहा थर. आणि 'तात्पुरतं' हा शब्द आमच्या खात्यात इतका गुळगुळीत झाला होता की तो कुणाच्या घशात अडकत नसे. माझ्याही अडकला नाही.

मिस्त्री म्हणाले, "लिहून द्या."

"अहो, आठ दिवसांचा प्रश्न आहे. तात्पुरतं आहे."

"मरन तात्पुरतं राह्यते काय साहेब?"

मी लिहून दिलं नाही. त्यांनी हातातली थापी खाली ठेवली आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी दोन मजुरांकरवी सहा थर मी पाडून घेतले, स्वतः उभा राहून. कठडा बरोबर मांडीएवढा उरला. फोटो छान आले.

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री हजर झाले. पाडलेल्या विटा त्यांनी घासूनपुसून सज्ज्याच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि हुकमाची वाट पाहू लागले. पण सिमेंट दुसऱ्या कामावर गेलं होतं. पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि दसऱ्याला असे तीन वेळा ते माझ्या कचेरीत आले.

"थर कवा चढवाचे साहेब?"

"कागद वर गेलाय," मी तिन्ही वेळा सांगितलं.

कागद वर गेला नव्हता. मी तो लिहिलाच नव्हता. साहेबांना आठवण करून देणं म्हणजे त्यांची चूक दाखवणं, आणि तसं आमच्यात कुणी करत नसे.

थंडीच्या दिवसांत त्या दवाखान्यात एक सून बाळंत झाली. सासू वॉर्डातून धावत सज्ज्यात आली. तिचा म्हातारा खाली अंगणात उभा होता. नात झाल्याचं त्याला सांगायला ती वाकली. कठडा मांडीला लागला. म्हाताऱ्याच्या पुढ्यात पडली आणि जागीच गेली. तिला काय सांगायचं होतं ते त्याला नंतर नर्सकडून कळलं.

चौकशी एका दुपारीत उरकली. मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं की मिस्त्रीने कठडा नकाशापेक्षा ठेंगणा बांधला, आणि वाचवलेल्या विटा जागेवरच सापडल्या. मिस्त्रींनी सांभाळून रचलेल्या त्याच विटा! पेनाचं टोपण लावताना साहेब म्हणाले, "धर्म बदलल्यापासून ह्या लोकांना हुकूम पाळायचीच लाज वाटते." मिस्त्रींना कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. त्या कागदाखाली मी सही केली.

आठवड्यानं मिस्त्री घरी आले. ओसरीवर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

"साहेब, सही तुमची हाये?"

"हो."

"वाचून केली?"

"हो."

"असं," ते म्हणाले. "मले वाटलं, न वाचता केली असन."

एवढंच बोलून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांना ना सरकारी काम मिळालं, ना खाजगी. ज्याच्या हातानं बाई मेली तो मिस्त्री, असं लोक म्हणत. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना कडेपासून मागं ओढलं, तो पुढं लोकांच्या वावरात निंदणी-खुरपणीला जाऊ लागला. मी बढत्या घेत गेलो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक इमारतीचा कठडा छातीएवढा आहे. त्याला मी प्रायश्चित्त म्हणणार नाही. ते माझं कामच होतं.

गेल्या वर्षी मिस्त्री गेल्याचं उशिरानं कळलं. रोहण्याला गेलो. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं; बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? मले माह्यीत हाये. ज्यायले माह्यीत नाई, त्यायले सांगा."

म्हणून बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो आणि चावडीपुढं उभा राहून मोठ्यानं सांगितलं. कठडा मिस्त्रींनी बरोबर बांधला होता, तो मी पाडला, आणि खोट्या कागदावर वाचून सही केली. दहा-बारा माणसं थांबली. पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तवा काऊन नाई बोलले?"

"भ्यालो," मी म्हणालो.

"कोनाले?"

मी परत निघालो. घरी येईपर्यंत तोच हिशेब डोक्यात फिरत होता. साहेब मला मारणार नव्हते. नोकरीही गेली नसती. फार तर माझी बदली झाली असती.