करंटला भिणारा मिस्त्री

आमच्या डेपोत विजेच्या बस येणार ही खबर आधी चहाच्या टपरीवर आली आणि नंतर नोटीस बोर्डावर. मी तेव्हा वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होतो. नागपूरच्या शहर बसच्या त्या डेपोत माझी उमेदीची सगळी वर्षं डिझेलच्या वासात गेली होती. इंजिन उघडायचं, बांधायचं, गाडी रस्त्यावर पाठवायची. ड्रायव्हर लोक गाडी लावली की सरळ माझ्याकडे यायचे. "मिस्त्री, जरा पाहा ना गा, चढावर दम सोडून राहिली." मी हात पुसत उठायचो. त्या हाकेत माझी अर्धी ऐट होती.

नोटीस लागली आणि वर्कशॉपमध्ये दुसरा विषयच उरला नाही. सगळ्यात मोठा आवाज माझ्या दोस्ताचा. तो कामठीचा, माझ्याच वयाचा, माझ्याच बरोबर लागलेला. दुपारचा डबा आम्ही कायम एकत्र खाल्ला. तो म्हणायचा, "माह्या आज्याचा हातमाग होता. पावरलूम आलं अन् तो बसला घरी. मले कोणी शिकवू नका नवीन मशीन आली की काय होते ते."

मी त्याच्या शेजारी उभा राहून मान डोलवायचो. बोलायचो काही नाही.

त्याच सुमारास वर्कशॉपला नवीन मॅनेजर आल्या. चाळिशीच्या आतल्या, मूळच्या मौद्याच्या. ऑफिसात त्या पुस्तकातली मराठी बोलत आणि खाली शेडमध्ये आल्या की आमची. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी खुर्ची नाकारली, उभ्यानेच बोलल्या.

"डिझेलच्या गाड्या हळूहळू जातील. इंजिनचं काम कमी होत जाईल आणि एक दिवस संपेल. मी हे गोड करून सांगणार नाही. नोकरी कोणाची जाणार नाही, एवढं मी वरून पक्कं करून घेतलं आहे. पण काम तेच राहील असं म्हटलं तर ते खोटं होईल."

दोस्त मागून म्हणाला, "म्हणजे आम्ही इतके वर्षं जे शिकलो, ते भंगारात?"

"काही भाग, हो," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं होतं, आता या गोल गोल काहीतरी बोलतील. चहाला निघालो तेव्हा दोस्त एवढंच म्हणाला, "बाई खरं बोलते गा."

खरं बोलली म्हणून आम्ही ट्रेनिंगला गेलो, असं मात्र झालं नाही. ट्रेनिंग सुरू झालं आणि खुर्च्यांवर नवीन लागलेली डिप्लोमाची पोरं तेवढी बसली. आम्ही जुने शेडमध्येच. कोणी म्हणे शिकवणारा इंग्रजी झाडतो, कोणी म्हणे ड्युटी संपल्यावर थांबायला जमत नाही. मी गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघा खरंच दुखायचा, पण खुर्चीवर बसायला काही त्रास नव्हता.

मॅडमनी कोणाला मेमो दिला नाही. शिकवणारा बदलला. नवा माणूस हिंदीत बोलायचा, मधूनमधून मराठीतही. तासही ड्युटीच्या वेळेत आणला. तरी जुने जाईनात, तेव्हा त्या माझ्या दोस्ताजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच विचारलं, "पोरांसमोर चुकायचं, हे जड जाते का?"

दोस्त चिडला. मग खाली पाहत म्हणाला, "कालपर्यंत ज्याले पाना पकडायले शिकवलं, तो बाजूले बसून हसन. कसं जाऊ सांगा?"

पुढच्या आठवड्यापासून जुन्या माणसांची वेगळी बॅच लागली. दार बंद. एकही पोरगा आत नाही. काय वाटेल ते विचारा, कितीही बावळट विचारा. बंद दारामागून पहिल्याच दिवशी हसण्याचे आवाज आले. दोस्त बाहेर आला तो डोळे चमकवत. "अबे, इंजिनच नाही त्यात! लहान पोराच्या खेळण्यासारखी आहे गाडी. चाल ना उद्या."

एकेक करून सगळे गेले. एका मिस्त्रीला मात्र ते काही रुचलं नाही. त्यानं डिझेलच्या गाड्या असलेल्या दुसऱ्या डेपोत बदली मागितली. मॅडमनी ती मिळवून दिली, वर निरोपाचा चहाही ठेवला. मी एकटा तसाच राहिलो, ना गेलो, ना बदली मागितली. आरडाओरडा करणारा दोस्त आठवड्यात वळला, आणि गप्प मान डोलवणारा मी शेडमध्ये शेवटच्या डिझेल गाड्यांपाशी बसून होतो.

एका दुपारी मॅडम डबा घेऊन माझ्याकडे आल्या. शेजारी एक रिकामा खोका पालथा घातला आणि त्यावर बसल्या. डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी होती. मौद्याचं घर, तिथली थंडी, लेकीची शाळा, असं बोलत जेवण झालं. हात धुऊन आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, इंग्रजी गेली, वेळ बदलली, पोरं बाहेर काढली. तरी तुम्ही काहून नाही येऊन राहिले?"

मी गुडघ्याचं नाव काढणार होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते तोंडातून निघालं नाही.

"मले करंटची भीती वाटते," मी म्हटलं.

एवढं बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. उमरेडच्या पुढे आमचं शेत. मी तेव्हा शाळेत होतो. सकाळी मोठा भाऊ गव्हाला पाणी द्यायला गेला, मी मागून चहा घेऊन निघालो. विहिरीजवळ पोचलो तर तो मोटरीच्या स्टार्टरला चिकटलेला. पाय चिखलात. चहाची किटली टाकून मी त्याच्याकडे धावलो, आणि शेजारच्या शेतातल्या काकांनी मागून माझा सदरा धरून मला ओढलं. मी त्यांच्या हाताला चावलो, तरी त्यांनी सोडलं नाही. त्यांच्यामुळे मी वाचलो. भाऊ गेला. तेव्हापासून घरातला बल्बही मी बदलत नाही, बायको बदलते. तिला वाटतं मला आळस आहे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. घाबरू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या वाक्यासाठी मी तयार होतो आणि ते आलंच नाही. त्यांनी डबा उचलला, म्हणाल्या, "आज मी काहीच म्हणत नाही. सांगितलं, बरं केलं," आणि गेल्या.

दोन-चार दिवसांनी परत आल्या. या वेळी उभ्याच होत्या.

"माहे बाबा पावर प्लांटात विजेच्या कामावर होते. घरी आले की आई आधी त्यांचे हात पाहे, मग पाणी देई. इथं ही डिप्लोमाची पोरं हुशार आहेत, पण एकही घाबरत नाही. गप्पा मारत त्या केबलींजवळ हात घालतात. भाऊ, मले एक माणूस पाहिजे ज्याले या गाडीची भीती वाटते. तो प्रत्येक वेळी थांबन अन् पाहीन. तुम्ही सुरक्षेचं काम घ्या. गाडीले हात लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

मी आयुष्यभर जी गोष्ट लपवली, तीच कोणी कामाची म्हणून मागत होतं. "पाहतो," म्हणालो.

पहिले काही दिवस मी फक्त पाहिलं. विजेच्या बसमध्ये नारिंगी रंगाच्या जाड केबली असतात. त्यांच्यात माणूस जागीच मरेल एवढा करंट. काम करायच्या आधी एक मोठा प्लग ओढून बॅटरीचं कनेक्शन तोडायचं, त्या जागी कुलूप घालायचं, थोडा वेळ थांबायचं, मग मीटर लावून करंट नाही याची खात्री करायची. हे सगळं रबरी हातमोजे घालून. मी लांब भिंतीला टेकून पाहायचो आणि घामाने भिजायचो.

मग एक दिवस मॅडमनी स्वतः हातमोजे चढवले. शिकवणारा बाजूला उभा होता. त्यांनी प्लग ओढला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ही तुमच्या खिशात ठेवा. जोवर ती तुमच्या खिशात आहे, तोवर या गाडीत कोणीच करंट सोडू शकत नाही. मी पण नाही."

मी किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला. शिकवणाऱ्याने मीटर लावलं, शून्य दाखवलं. मी म्हटलं, परत लावा. त्याने परत लावलं. मी म्हटलं, अजून एकदा. तो वैतागला नाही. मग मी हातमोजे घातले आणि त्या नारिंगी केबलीवर हात ठेवला. केबल थंडगार होती आणि गुपचूप पडून होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम तेवढ्यात दुसरीकडे वळून कोणाशी तरी बोलायला लागल्या. त्यांनी ते मुद्दाम केलं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

अशा रीतीने मी त्या शेडचा सुरक्षा पाहणारा झालो. आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली, कारण आता लोक माझं ऐकेनात.

मे महिन्यात आमच्या शेडचे पत्रे इतके तापतात की आत उभं राहवत नाही. डिप्लोमा केलेली एक पोरगी होती, कामाला सगळ्यांत चपळ. ती माझी पाठ वळली की हातमोजे काढायची. एकदा मी तिला तशीच पकडली आणि सगळ्यांसमोर ओरडलो. तिने मोजे घातले आणि दुसऱ्या दिवशी परत काढले. मी तणतणत मॅडमकडे गेलो. "तिले मेमो द्या."

मॅडम कागदातून मान वर करून म्हणाल्या, "तुम्हाला मेमो दिला असता, तर तुम्ही आला असता का भाऊ?"

मी खाली आलो. पोरगी पाणी पीत होती. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काहून काढते वं ते?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग मोजे उचलून हातात घातले आणि पंजा माझ्यासमोर धरला. मोज्याची बोटं तिच्या बोटांच्या पुढे लोंबत होती. "हे पाहा काका. तुमच्या मापाचे आहेत. नट पकडता येत नाही अन् घामानं आत हात पोहते. मी भीत नाही म्हणून नाही काढत. कामच होत नाही ह्यात."

सगळे हातमोजे आम्ही पुरुषांच्या मापाचे मागवले होते. मागवताना कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी लहान मापाचे मागवले, आतून घालायला सुती मोजे आणले, आणि मी भांडून ती काम करायची त्या बाजूला एक मोठा कूलर लावून घेतला. त्यानंतर त्या पोरीला मला एकदाही टोकावं लागलं नाही. उलट नवीन कोणी आलं की तीच आधी त्याच्या हातांकडे पाहायची.

मागच्या वर्षी मॅडमची बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम शेडमध्येच ठेवला. शेवटची डिझेल बस जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते, आणि त्या जागी चार्जिंगची यंत्रं उभी होती. सगळ्यांनी भाषणं केली. दोस्ताने तर मॅडमना आपल्या आज्याच्या हातमागाची पूर्ण कहाणी सांगितली आणि वर म्हणाला, "माह्या आज्याले तुमच्यासारखं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मला उठवलं. मी भाषण करणारा माणूस नाही. मॅडमचे आभार मानायचे आणि बसायचं, असं ठरवून उठलो होतो. पण आभार कशाचे, हे सांगायला लागलो तर भावाचं सांगावं लागलं. मोटर, चिखल, सदरा धरून ओढणारे काका, सगळं. आईनंतर आणि त्या दुपारी मॅडमनंतर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मले भीती सोडायले नाही सांगतलं. तिच्यासकट कामावर घेतलं. हे मी विसरणार नाही." आणि बसलो.

मॅडम उठून आल्या, माझ्यासमोर वाकल्या. मी घाईने मागे सरकलो, तर त्यांनी हात जोडले. मीही जोडले. बाकी सगळे उगाच कपबशा उचलायला लागले.

संध्याकाळी दोस्ताने मला गाडीवर बसवलं. त्याचं घर कामठीला, माझं उलट्या दिशेला, पण तो म्हणाला, "बस, सोडतो." माझ्या दारात गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि तिथेच उभा राहिला.

"इतके वर्षं सोबत डबा खाल्ला बे," तो म्हणाला. "अन् मी तुले दिवाळीत लायटिंगच्या माळा लावायले बोलवत होतो घरी. तू येत नव्हता तर मी तुह्यावर रागवत होतो."

मी म्हटलं, "तुले काय माहीत होतं?"

"तेच तं," तो म्हणाला. मग आत येऊन त्याने माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, चहा ठेवा, मी जेवूनच जाईन आज." बायकोने त्या दिवशी झुणका केला होता. तो पोटभर जेवला, उशिरापर्यंत बसला, आणि माझ्या भावाचं नाव, त्याचा स्वभाव, तो कसा दिसायचा, हे सगळं एकेक करून विचारत राहिला. मी सांगत गेलो. बायको दाराशी पदराला हात पुसत उभी राहून ऐकत होती, आणि भावाबद्दल बोलताना आपण हसू शकतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.